टॅन्सी ट्वायलाची व्हावी म्हणून

आमच्या डोरी नेक गावच्या कॅप्टन नॉर्वूड रुआर्क यांना नुसतं नॉर्वूड म्हणणारी माणसं दोनच, त्यांची बायको हॅटी आणि सॉल्सबरीत राहणारी बहीण ओडेसा. बाकी सगळ्यांसाठी ते कॅप्टन. ज्याच्या नावावर बोट असते तो कॅप्टन, आणि पुढे ती बोट मुलीच्या नावावर केली म्हणून आमच्याकडे कोणी ते बिरुद काढून घेत नाही. उन्हाळ्यात खेकडे, थंडीत कालवं, आणि नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत शहरातल्या शिकाऱ्यांना खाजणात नेऊन बदकं आणि रानहंस मिळवून देणं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मी खेकड्यांच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि त्यांच्या कुंपणाला लागून राहतो, त्यामुळे पुढची हकिगत बहुतेक मी पाहिलेली आहे. जी पाहिली नाही ती हॅटीने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलेली आहे.

आमच्या किनाऱ्यावरची शिकारी कुत्री तपकिरी असतात. केस राठ, तेलकट, पाठीवर लाटा असलेले. डोळे पिवळे. पाण्यात बर्फाचा चुरा तरंगत असला तरी ही कुत्री उडी मारतात आणि पडलेला पक्षी तोंडात धरून, त्याला दात न लावता परत आणतात. त्यांची एक खोड मात्र सगळ्यांना माहीत आहे. ती एकाच माणसाची होतात. घरातल्या इतरांशी नीट वागतात, पण काम त्या एकाच माणसासाठी करतात. कॅप्टननी आयुष्यात चार कुत्रे पाळले आणि चारही नखशिखांत त्यांचे होते. दुकानाच्या ओट्यावर ते ऐटीत सांगत, "ब्रास माझ्या बायकोच्या हातचं हाडसुद्धा खायचा नाही. माझ्याकडे बघायचा, मी मान हलवली की मगच." त्यावर त्यांचे जुने स्नेही एमरी टॉली म्हणत, "अरे, हॅटीचा स्वयंपाक मीही खाल्लाय. कुत्रा शहाणा होता."

शेवटचा कुत्रा, जज, एका जानेवारीत गेला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी कॅप्टनच्या खुब्याचं हाड बदललं आणि बोटीवर पाय ठेवायचा नाही असं बजावलं. बोट आधीच ट्वायला चालवत होती. ही त्यांची एकुलती मुलगी, पस्तिशीची, आईसारखी बुटकी आणि बापासारखी कमी बोलणारी. आता शिकाऱ्यांना नेण्याचा परवानाही तिने स्वतःच्या नावावर काढला. येता हिवाळा तिचा पहिला. वडिलांची जुनी गिऱ्हाइकं एकदा येऊन बघणार होती. आमच्याकडे वाटाड्याची परीक्षा बदकं किती आली यावर होत नाही, ती वाऱ्यावर असतात. परीक्षा होते जखमी पक्षी हाती लागतो की नाही यावर. जखमी हंस गवतात शिरून मरायला सोडला, तर तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही, आणि गावातली माणसंही मान फिरवतात. म्हणजे ट्वायलाला कुत्रा हवाच होता, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा होता.

"मी एक काळी लॅब्रेडोर आणते, बाबा," ती जेवताना म्हणाली. "कोणाचंही ऐकते. तयारही लवकर होते."

"कोणाचंही ऐकते हाच तिचा दोष," कॅप्टन म्हणाले. "चोरानं बिस्कीट दाखवलं तर त्याला बंदूक आणून देईल."

"मला चोराची काळजी नाही. मला हंस आणून देणारी हवीय."

"जानेवारीत वायव्येचं वारं सुटल्यावर आणेल का? दोन फेऱ्या मारेल आणि तुझ्या मांडीवर बसून कुडकुडेल. शिवाय या घरात काळी कुत्री? लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

हॅटी म्हणाली, "लोकांना तू काय तोंड दाखवतोस? दिवसभर त्या खुर्चीत तर बसलेला असतोस."

शेवटी मार्चमध्ये तपकिरी पिल्लू आलं. मादी, दोन महिन्यांची, वाळल्या गवताच्या रंगाची. नाव टॅन्सी. ट्वायला पहाटे खेकड्यांचे पिंजरे उपसायला जायची ती दुपार उलटल्यावर यायची, मग माल निवडणं, तो पोचवणं, बोट धुणं. पिल्लाला वेळ द्यायचा कुठून? कॅप्टन म्हणाले, "पिल्लू मी तयार करतो. मला दुसरं काम काय आहे? नोव्हेंबरात तू नुसती शीळ घाल." तिला ते पटलं. मलाही पटलं. आम्ही सगळे याच किनाऱ्यावर वाढलेलो, चार-चार कुत्री जवळून पाहिलेली, पण त्या बोलण्यात काय चुकतंय ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभं राहून त्यांची शाळा बघायचो. सुरुवात त्यांनी घरातच केली. त्यांच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ आहे. त्याची इतर दारं बंद करून कॅप्टन एका टोकाला स्टुलावर बसत आणि गुंडाळलेला मोजा दुसऱ्या टोकाला फेकत. पिल्लू धावत जाऊन मोजा उचलायचं, आणि परत यायला वाट एकच, त्यांच्या मांडीकडे. आल्यावर ते मोजा ओढून घेत नसत. आधी छाती खाजवत, कान चोळत, मग हलकेच म्हणत, "दे." मोजा तळहातावर पडला की, "शाब्बास, माझी राणी."

"इतकं गोड तू मला लग्नातसुद्धा बोलला नव्हतास," हॅटी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"तू मोजा आणून दिला नव्हतास."

जेवणाची थाळी समोर ठेवून बसवायचं, आणि "हं" म्हटल्याशिवाय तोंड लावू द्यायचं नाही. ती खाऊ लागली की लांब छपरीत हॅटीने दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या. दर आठवड्याला हॅटी थोडी जवळ यायची. नंतर फळ्यांच्या जागी खेळण्यातलं पिस्तूल, मग बंदूक, तीही आधी शेताच्या पलीकडून. पिल्लाच्या लेखी आवाज म्हणजे जेवण, असं होऊन गेलं. आमच्या भागात चांगली कुत्री बिघडतात ती इथेच. हौशी माणसं पहिल्याच दिवशी डोक्यावर बार काढतात आणि मग कुत्रं बंदूक बघून पलंगाखाली बसतं. कॅप्टनना घाई नव्हती.

मे महिन्यात खाडीचं पाणी कोमट झालं तेव्हा ते काठी टेकत स्वतः गुडघाभर पाण्यात गेले. पिल्लाला उचलून पाण्यात टाकलं नाही. नुसते उभे राहिले. टॅन्सी काठावर कुईं कुईं करत इकडून तिकडे पळाली, आणि शेवटी ते उभे आहेत तिथे आपल्याला नाही म्हणजे काय, अशा रागाने पाण्यात शिरली. जुलैपर्यंत ती तागाच्या कापडाची वळकटी खाडीच्या मधोमधून आणू लागली. वळकटीला त्यांनी जपून ठेवलेला बदकाचा पंख बांधला होता. परसात वेताचा आडोसा उभा करून, उलट्या बादलीवर बसून ते तासन्‌तास तिला स्वस्थ बसायला शिकवत. बार झाला तरी हलायचं नाही. "जा" म्हटल्यावरच सुटायचं. खूश झाली की ती वरचा ओठ उचलून दात दाखवायची. नवख्याला वाटावं चावतेय. ते तिचं हसणं होतं. कॅप्टनही तिला उलट दात दाखवत. त्या उन्हाळ्यात त्यांचा खुबा डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा लवकर बरा झाला.

ऑगस्टच्या एका रविवारी ट्वायलाने परीक्षा घ्यायची ठरवली. मी कुंपणाशी होतो आणि एमरी टॉली काहीतरी परत करायला आले होते ते बघत उभे राहिले. ट्वायलाने टॅन्सीला शेजारी बसवलं, वळकटी पाण्यात लांब फेकली आणि म्हणाली, "जा." टॅन्सी जागची हलली नाही. तिने मान वळवून ओसरीत बसलेल्या कॅप्टनकडे पाहिलं. त्यांनी नकळत हनुवटी हलवली असावी. टॅन्सी बाणासारखी सुटली, वळकटी घेतली, परत पोहत आली, ट्वायलाच्या पसरलेल्या हाताकडे न बघता तिच्याजवळून गेली आणि ओसरीच्या पायऱ्या चढून वळकटी कॅप्टनच्या मांडीवर ठेवली.

"फेकतेस मात्र छान, ट्वायला," एमरी म्हणाले.

"बाबा, तुम्ही आत जा."

कॅप्टन आत गेले. दुसऱ्या खेपेला टॅन्सी वळकटी घेऊन मागच्या दारी गेली आणि जाळीवर पंजे आपटू लागली. तिसऱ्या खेपेला कॅप्टनना माझ्या घरात बसवलं. टॅन्सी पाण्यात गेलीच नाही. कुंपणाला नाक लावून माझ्या घराकडे तोंड करून बसली.

कॅप्टन खिडकीतून बघत होते. आधी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. "बघ, लेस्टर," ते मला म्हणाले, "नाक कसं आहे बघ." मग ट्वायला ओली वळकटी हातात घेऊन खाली मान घालून बोटीकडे चालू लागली, तेव्हा तो आनंद गेला. ते खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले.

पुढचे काही दिवस त्यांनी उपाय केले. टॅन्सीला आता फक्त ट्वायलाने खाऊ घालायचं असं ठरलं. टॅन्सी थाळीसमोर बसली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ट्वायला "हं" म्हणून थकली. तिसऱ्या दिवशी थाळी रिकामी दिसली म्हणून सगळे सुखावले, तोच हॅटीने दाराआडून नवऱ्याला पाहिलं. ते भिंतीला पाठ लावून, कुत्रीला दिसेल असं उभे होते आणि मान हलवत होते.

"उपाशी राहिली असती," ते म्हणाले.

"नसती राहिली. आणखी एका दिवसानं जेवली असती. नॉर्वूड, खरं सांग, तुला ती ट्वायलाला द्यायची आहे का?"

"तिच्यासाठीच तर शिकवलं."

"शिकवलंस तिच्यासाठी. वाढवलंस स्वतःसाठी. मोजा घेऊन ती ज्याच्या मांडीवर येत होती तो तू होतास. थाळीमागे तू, पाण्यात तू. ट्वायला तिच्या लेखी कोण? संध्याकाळी येऊन खेकड्यांचा वास सोडणारी एक बाई."

कॅप्टन म्हणाले, "मग आता काय करू? लॅब्रेडोर आणू?"

"ओडेसाकडे जा."

"कोण, मी? माझ्या घरातून मी जाऊ?"

"कुत्रीला पाठवून उपयोग नाही ना. तिनं इथेच राहायचंय."

ही गोष्ट वाचायला सोपी वाटते. नॉर्वूड रुआर्क दवाखान्यातल्या रात्री सोडल्या तर खाजणाबाहेर झोपलेले नव्हते. सॉल्सबरीत ओडेसाच्या घरात पांढरे गालिचे आहेत आणि दारात बूट काढावे लागतात. तरी दोन दिवस विचार करून ते कबूल झाले. ट्वायलाला मात्र ते आवडलं नाही. "बाबा, मी या हिवाळ्यात कुत्र्याशिवाय भागवीन," ती म्हणाली. "एमरीकाकांचा म्हातारा कुत्रा मागते हवं तर."

"एमरीच्या कुत्र्याला हंस आणि कोंबडी यातला फरक कळत नाही. ऐक. तिला काही शिकवायला जाऊ नकोस. येतं तिला सगळं. माझ्यासारखी शीळ घालू नकोस, तुझी घाल. माझे शब्द वापर, पण माझा आवाज काढू नकोस. आणि लाड करू नकोस, तिला कळतं कोण भीक मागतंय ते."

जाण्याच्या दिवशी हॅटीने त्यांचा प्रत्येक कोट, टोपी, हातमोजे, बूट, ओसरीतल्या खुर्चीवरची गादीसुद्धा माझ्या गाडीत भरली. घरात वास राहायला नको. टॅन्सीला ट्वायलाने मुद्दाम बोटीवर नेलं होतं. कॅप्टन गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर ती गादी होती. गावाबाहेर पडेपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "तिच्या डाव्या कानात मळ साचतो, ट्वायलाला सांगायला विसरलो." मी सांगेन म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. हॅटीने उचलला. पलीकडून त्यांचा आवाज आला मात्र, चुलीपाशी पडलेली टॅन्सी उठून फोनखाली आली आणि अशी रडू लागली की ऐकवेना. दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेर पडली नाही. त्यानंतर फोन माझ्याकडे येऊ लागला, आणि हॅटी हातातलं काम टाकून कुंपणाच्या फटीतून माझ्या स्वयंपाकघरात यायची.

"खाते का?"

"चौथ्या दिवशी खाल्लं. ट्वायलाच्या हातचं."

मग, "सगळं?"

"चाटूनपुसून. तू खातोस का?"

"ओडेसा भाजीचं पाणी पाजते. म्हणते, खुब्याला चांगलं."

ट्वायला टॅन्सीला रोज पहाटे बोटीवर नेऊ लागली. पहिले काही आठवडे टॅन्सी इंजिनाच्या पेटीमागे तोंड लपवून पडून राहायची. ट्वायलाने वडिलांचं ऐकलं. एकही हुकूम दिला नाही, पंख दाखवला नाही, शीळही घातली नाही. पिंजरे उपसायचे, खेकडे निवडायचे, दुपारी पेटीवर बसून डुकराच्या मांसाचं सँडविच खायचं, असं आपलं काम ती करत राहिली. सप्टेंबर सरता सरता टॅन्सी पेटीमागून पुढे आली. मग पिंजरा वर येताना काठावर पंजे ठेवून बघू लागली. ती आपणहून जवळ येऊ लागल्यावर ट्वायलाने आपली शीळ घालायला सुरुवात केली. एकदा खेकड्याने तिच्या नाकाला चिमटा काढला. ट्वायलाने तो सोडवला, नाकाला मीठपाणी लावलं आणि पुढचा पिंजरा ओढला. ही हकिगत मी फोनवर सांगितली तर कॅप्टन म्हणाले, "कोणता खेकडा, नर की मादी?" मी म्हणालो, ते मी विचारलं नाही. ते नाराज झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस एमरी टॉली दुकानात आले ते मांडीजवळ फाटलेली पँट हाताने धरून. ट्वायलाची बोट धक्क्याला होती, ती पेट्रोल आणायला गेली होती, आणि यांना पाना हवा होता म्हणून हे बोटीत उतरले. ट्वायलाचा तेलकट कोट फळीवर पडला होता. त्यावर टॅन्सी झोपली होती.

"मी तिला पिल्लू असल्यापासून ओळखतो," एमरी म्हणत होते. "पाना कोटाच्या पलीकडे होता. मी नुसता हात लांब केला!"

दुकानातले सगळे हसले. आमच्याकडे याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ही कुत्री ज्याचा कोट राखतात त्याची असतात.

त्या संध्याकाळी फोनवर ही बातमी हॅटीने दिली. मी शेजारीच उभा होतो. हॅटीने फोन कानापासून दूर धरून बघितला. मग कॅप्टननी विचारलं, "रक्त आलं का एमरीला?"

"नाही. नुसती पँट."

"तोंड मऊ आहे तिचं. मी सांगितलं होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. हॅटी माझ्याच खुर्चीत जरा वेळ बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "कांदा कापत होतास वाटतं, लेस्टर." माझ्याकडे कांदा नव्हता.

खरी परीक्षा अजून बाकी होती. कोट राखणं वेगळं आणि बार झाल्यावर, अनोळखी माणसांसमोर, पक्षी आणून हातात देणं वेगळं. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाल्टिमोरचे दोन दंतवैद्य येणार होते, ते कॅप्टनकडे वीस हिवाळे आलेले. हॅटीचं म्हणणं, पहिला आठवडा सरेपर्यंत नवऱ्याने सॉल्सबरीतच राहावं. कॅप्टननी तिला हो म्हटलं आणि मला वेगळा फोन केला.

"लेस्टर, तू मला उजाडायच्या आत घेऊन जा. घरी नको. खाडीच्या पलीकडच्या काठावर, रस्ता संपतो तिथे. मी गाडीतून उतरणार नाही. नुसते बार ऐकेन."

"हॅटीला कळलं तर?"

"तुला ओरडेल. मला तर रोजच ओरडते."

त्या पहाटे थंडी कोरडी होती. गाडी थांबवल्याबरोबर कॅप्टननी काच खाली करून ओलं बोट बाहेर धरलं. वारा खाडीवरून आमच्या तोंडावर येत होता. "बरं आहे," ते म्हणाले. "आपला वास तिच्याकडे जात नाही." पलीकडच्या काठाजवळ ट्वायलाचं वेताचं लपण, शिकाऱ्यांनी दबा धरून बसायचा आडोसा, अंधुक दिसत होतं, त्याच्यापुढे पाण्यावर खऱ्या पक्ष्यांना भुलवायला सोडलेली लाकडी बदकं डुलत होती. उजेड पडू लागला तसं खाजण राखाडीचं पिवळं झालं. काळ्या बदकांची एक जोडी आली, दोन बार झाले, एक पडलं. टॅन्सी लपणातून सुटली ते आम्ही पाहिलं. सरळ रेषेत गेली, सरळ रेषेत आली. लपणाच्या आत काय झालं ते दिसत नव्हतं.

"हातात दिलं का?" कॅप्टननी विचारलं.

"इथून दिसत नाही."

"तुला चष्मा कशाला दिलाय?"

आणि ते गाडीतून उतरले. मी काही बोलायच्या आत काठी टेकत उंच गवतात शिरले, तिथून लपणाचं तोंड दिसेल म्हणून. मी मागोमाग गेलो. काठाजवळचा चिखल आमच्याकडे वरून कडक दिसतो आणि आत लोणी असतो. हे त्यांना ठाऊक नसेल तर कोणाला? पण त्यांचं लक्ष पायाखाली नव्हतं. दोन पावलांत ते गुडघ्यापर्यंत रुतले.

मी हात दिला. ते म्हणाले, "थांब. हंस येताहेत."

रानहंसांची रांग उत्तरेकडून ओरडत आली, ट्वायलाच्या हंसासारख्या ओरडणाऱ्या पिपाणीला फसून खाली वळली. तीन-चार बार झाले. एक पडला. दुसऱ्याला लागलं होतं, पण तो पंख पसरून वाऱ्याबरोबर तरंगत खाडी ओलांडून आमच्याच काठाकडे आला आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, गवताच्या कडेला पाण्यात आपटला. अजून जिवंत होता. गवतात शिरला असता तर गेला.

पलीकडून ट्वायलाचा आवाज आला, "जा!"

टॅन्सी येताना दिसली. पाण्यावर नुसतं डोकं, मागे बाणाच्या टोकासारखी रेघ. "खाली बस," कॅप्टन मला कुजबुजले. मी गवतात बसलो. त्यांना बसता येईना. पाय रुतलेले. त्यांनी तोंडावर हात धरला आणि कमरेपासून वरचं अंग वळवून खाडीकडे पाठ केली. डोळे मिटून घेतले.

हंसाने पंख आपटले, टॅन्सीने त्याला मानेखाली धरलं, अंगापेक्षा मोठं ते धूड ओढत ती उथळ पाण्यात उभी राहिली. तिथे वारा क्षणभर पडला असावा. तिने नाक वर केलं. हंस तोंडात तसाच धरून ती आमच्याकडे वळली आणि चिखलातून एकेक पाऊल टाकत आली. कॅप्टनच्या मागे येऊन थांबली. मला तिचे पिवळे डोळे दिसत होते. तिने अंग झटकलं, पाण्याचे थेंब त्यांच्या पाठीवर उडाले. भरल्या तोंडातून तिने बारीक आवाज काढला. कॅप्टनच्या हनुवटीखालची शीर थडथडत होती. मान हलली नाही.

खाडीपलीकडून शीळ आली. कॅप्टनची लांब असायची, खाली उतरणारी. ही छोटी होती, दोन तुकड्यांची.

टॅन्सीने शेपटी एकदा हलवली, वळली, आणि पाण्याचा आवाज आला. तो दूर जाईपर्यंत कॅप्टननी डोळे उघडले नाहीत.

"गेली?"

"गेली."

"बघ. नीट बघ. खुबा अडकलाय, मला परत वळता येत नाही."

ट्वायला लपणाबाहेर पाण्यात उतरून उभी होती. टॅन्सी तिच्यापर्यंत पोचली, तिच्या डाव्या बाजूला वळून बसली. वारा आमच्याकडे होता म्हणून शब्द स्वच्छ ऐकू आला, "दे." मग दोघा दंतवैद्यांपैकी कोणाचा तरी आनंदाचा हुंकार.

"हातात दिला का पायाशी टाकला?"

"हातात."

"बसून?"

"बसून दिला, कॅप्टन."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आता मला ओढ. पण आवाज करू नकोस."

ते काम सोपं नव्हतं. नव्या खुब्याला धक्का लागू नये म्हणून मी आधी हातांनी चिखल उकरला. ते एका पायाने निघाले, दुसऱ्या पायाचा बूट आतच राहिला. मी म्हणालो, जाऊ द्या बूट. ते चिडले. "अरे, उद्या तिला इथे वास लागेल आणि ती लपणात बसायची नाही. काढ तो." मी खांद्यापर्यंत हात घालून बूट काढला. कारखान्यातल्या लोकांनी मला तसं बघितलं नाही तेच बरं.

गाडीत बसल्यावर त्यांनी तो चिखलाने भरलेला बूट मांडीवर घेतला. पलीकडे पुन्हा बार झाला आणि पुन्हा ती छोटी शीळ आली. मुख्य रस्त्याच्या फाट्यावर मी गाडी हळू केली. डावीकडे त्यांचं घर, चुलीवर हॅटीची कॉफी. मी विचारलं, "कुठे जायचं?"

"उजवीकडे," ते म्हणाले. "अजून एक आठवडा. हॅटीला सांग, मोजे पाठव. ओडेसाच्या घरात असे पाय घेऊन गेलो तर ती मला गॅरेजमध्ये झोपवेल."